शेवटच्या जहाजांतील एक कैदी

इ. स. १८६८ च्या जानेवारी महिन्यांत ‘हूगुमाँ’ नांवाचें एक जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियांतील फ्रीमँटल बंदरांत येऊन नांगरलें. इंग्लंडचा किनारा सोडून त्यास तीन महिने होत आले होते, आणि त्याच्या पोटांत सुमारें २८० कैदी होते. १७८८ सालीं कैद्यांचा पहिला तांडा सिडनीजवळ उतरला. त्या दिवसापासून ऐंशी वर्षें ब्रिटिश सरकार आपल्या तुरुंगांत न मावणारीं माणसें त्या दूरच्या खंडावर नेऊन टाकीत होतें. १,६०,००० हून अधिक स्त्रीपुरुष या वाटेनें गेले. त्यांत खुनी होते, खिसेकापू होते, आणि पोटाची खळगी भरण्यासाठीं मेंढी चोरलेले खेडूतहि होते. पूर्वेकडील वसाहती पुढें नांवारूपास आल्या व त्यांनीं हे पाहुणे नकोत म्हणून सांगितलें. पश्चिमेकडे मात्र मजुरांचा दुष्काळ होता. तेथील जमीनवाल्यांनीं १८५० सालीं आपण होऊन कैदी मागवून घेतले. अठरा वर्षांत सुमारें ९,७०० पुरुष तेथें उतरले. त्या परंपरेंतील ‘हूगुमाँ’ हें शेवटचें जहाज.

आपल्याकडे ‘काळें पाणी’ म्हटलें कीं अंदमान डोळ्यांपुढें उभें राहतें. १८५७ च्या उठावांतील लोकांसाठीं १८५८ सालीं त्या बेटांवर वसाहत उघडली, तेव्हां ऑस्ट्रेलियाचें दार हळूहळू मिटत चाललें होतें. एका हातानें बंद केलेलें दुकान दुसऱ्या हातानें थाटलें गेलें, इतकाच या दोन घटनांचा अर्थ. राजकीय कैद्याला चोरांच्या रांगेंत उभें करण्याची रीत दोहींकडे सारखीच होती.

‘हूगुमाँ’वरील कैद्यांपैकीं ६२ जण आयर्लंडांतील ‘फेनियन’ होते. १८५८ सालीं डब्लिनमध्यें स्थापन झालेल्या गुप्त संघटनेचे हे सभासद. शस्त्रबळानें आयर्लंडचें प्रजासत्ताक राज्य उभारावें हा त्यांचा हेतु. या ६२ मध्यें सुमारें सतराजण ब्रिटिश फौजेंतले शिपाई होते, आणि त्यांतल्या एकाचा कैदी क्रमांक होता ९८४३. तेवीस वर्षांच्या या तरुणाचें नांव जॉन बॉइल ओरायली. तेरा महिन्यांनंतर तो त्या वसाहतींतून नाहींसा झाला, आणि आणखी सात वर्षांनीं त्याच्याच सल्ल्यानें दुसरे सहाजण तेथून निसटले. त्याचें चरित्र वाचनीय आहे तें पलायनाच्या रोमहर्षक प्रसंगांमुळें खरेंच. पण तें वाचीत असतां माझें लक्ष वारंवार दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. एका माणसाच्या सुटकेला किती माणसें लागतात, आणि सुटलेल्या माणसाच्या शिरावर त्याचें किती देणें उरतें, याचा हिशेब या आयुष्यांत जसा मांडलेला दिसतो तसा क्वचितच कोठें दिसेल.

ओरायलीचा जन्म २८ जून १८४४ रोजीं मीथ परगण्यांत, बॉइन नदीकांठच्या डाउथ या गांवीं झाला. बाप शाळामास्तर, आई सुशिक्षित. घरांत पुस्तकें होतीं, पैसा नव्हता. मूल वर्षाचें होतें न होतें तोंच बटाट्याच्या पिकावर रोग पडून आयर्लंडांत दुष्काळ सुरू झाला. १८४५ ते १८५२ या काळांत सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व रोगानें मेलीं, आणि तितकींच देश सोडून गेलीं. त्याच काळांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य व गुरें इंग्लंडकडे रवाना होत होतीं. या पिढींतील आयरिश मुलाला राजकारण कोणी शिकवावें लागलें नाहीं.

थोरला भाऊ आजारी पडला म्हणून त्याच्या जागीं हा मुलगा ड्रॉगेडा येथील एका वर्तमानपत्राच्या छापखान्यांत उमेदवार म्हणून लागला. पुढें इंग्लंडांत प्रेस्टन येथें मावशीकडे राहून तेथल्या वर्तमानपत्रांतहि त्यानें खिळे जुळविले व बातम्या लिहिल्या. १८६३ सालीं तो मायदेशीं परतला आणि ब्रिटिश घोडदळाच्या १० व्या हुसार पलटणींत शिपाई म्हणून दाखल झाला. (ही पलटण दहा-बारा वर्षांपूर्वीं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या छावणींत होती व तेथून क्रिमियाच्या लढाईवर गेली होती.) ओरायली देखणा, हसतमुख, घोड्यावर पक्का, शिपाईगिरी त्याला मनापासून आवडत असे. १८६५ सालीं जॉन डेव्हॉय या फेनियन पुढाऱ्यानें त्याला संघटनेची शपथ दिली. फौजेंतील आयरिश शिपायांना फितवून वेळ येतांच बंदुका उलट्या रोखावयाच्या, असा डेव्हॉयचा बेत होता; आणि आपल्या पलटणींतलें हें काम ओरायलीनें मोठ्या उत्साहानें केलें.

येथें एक अडचणीचा प्रश्न आहे व तो टाळून पुढें जाणें बरें नव्हे. या तरुणानें राणीच्या चाकरीची शपथ घेतली होती. ती त्यानें जाणूनबुजून मोडली. त्याच्या भक्तांनीं याबद्दल पुष्कळ वकिली केली आहे. मला ती अनावश्यक वाटते. शपथ मोडली हें खरें, आणि आपण काय करीत आहों व त्याची किंमत काय पडेल हें त्याला ठाऊक होतें हेंहि खरें. ज्याच्या देशांतलीं घरें दुष्काळानें ओस पडलीं तो मुलगा त्याच राज्याचा गणवेष घालून त्याच राज्याचें अन्न खातो, त्याच्या मनांत दोन शपथांचें भांडण होणारच. तें भांडण ओरायलीनें एका बाजूनें तोडलें. त्याचा दंड त्यानें भोगला, पण ‘मी निरपराध आहें’ असा आक्रोश केल्याचें दिसत नाहीं.

१८६६ च्या फेब्रुवारींत तो पकडला गेला. फौजेंत बंड होणार हें माहीत असूनहि आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यास खबर दिली नाहीं, असा आरोप लष्करी न्यायालयापुढें ठेवण्यांत आला. ९ जुलै १८६६ रोजीं मृत्युदंडाची शिक्षा झाली व पुढें ती बदलून २० वर्षांची सक्तमजुरी करण्यांत आली. सबंध पलटणीसमोर त्याचा गणवेष उतरविण्यांत आला व कैद्याचे कपडे चढविण्यांत आले. डब्लिनच्या तुरुंगांत असतां तो खिळ्यानें भिंतीवर कविता कोरीत असे. नंतरचीं दीड वर्षें त्याला इंग्लंडांतील एका तुरुंगांतून दुसऱ्यांत हलविण्यांत आलें. पेंटनव्हिल, मिलबँक, चॅथम, पोर्ट्समथ, डार्टमूर, पोर्टलंड हीं नांवें त्या काळच्या कोणत्याहि जन्मठेपेच्या कैद्याला तीर्थक्षेत्रांसारखीं पाठ असत. डार्टमूरच्या दलदलींत कमरेइतक्या पाण्यांत चर खणण्याचें काम होतें. तेथून पळून जाण्याचा त्याचा एक प्रयत्न फसलाहि. अखेर १८६७ च्या ऑक्टोबरांत पोर्टलंड येथें त्याला जहाजावर चढविण्यांत आलें.

या प्रवासांतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कैद्यांत कांहीं लेखणीचे लोक होते. त्यांनीं जहाजावरच एक साप्ताहिक काढलें. छापखाना कोठला! सगळें हातानें लिहावयाचें आणि सुटीच्या दिवशीं डेकखालच्या काळोखांत मोठ्यानें वाचून दाखवावयाचें. जॉन फ्लड हा संपादक, ओरायली त्याचा एक साथीदार. नांव ठेवलें ‘रानहंस’. १६९१ नंतर आयर्लंड सोडून युरोपांतील राजांच्या फौजांत गेलेल्या आयरिश शिपायांना त्यांच्या देशांत याच नांवानें ओळखीत. एकंदर सात अंक निघाले, आणि त्यांचें हस्तलिखित सिडनी येथील ग्रंथालयांत जतन केलें गेलें. ज्यांच्यापुढें वीस वीस वर्षांची सक्तमजुरी वाढून ठेवलेली, त्या माणसांनीं वादळी समुद्रावर दर आठवड्याला अंक वेळेवर निघावा म्हणून धडपड करावी, हें वाचून एखाद्या मासिकाच्या संपादकालासुद्धां लाज वाटावी.

फ्रीमँटलच्या तुरुंगांतून थोड्याच दिवसांत ओरायलीला दक्षिणेकडे बनबरी गांवाजवळच्या रस्ता बांधणाऱ्या टोळींत पाठविण्यांत आलें. उंच उंच जाराच्या झाडांचें अफाट जंगल, त्यांत रस्त्याची एक तांबडी रेघ, आणि तिच्यावर कुऱ्हाडी चालविणारे कैदी. तेथें तटाच्या भिंती नव्हत्या, कारण भिंतींची गरजच नव्हती. एका बाजूस हजारों मैल महासागर, दुसऱ्या बाजूस पाण्याचा थेंब नसलेलें वाळवंट. मधल्या जंगलांत हरवलेला माणूस भुकेनें मरावयाचा किंवा परत यावयाचा. त्यांतूनहि कोणी निसटलाच तर त्याच्या पावलांचा माग काढण्यासाठीं पोलिसांनीं तेथील मूळच्या रहिवाशांना नोकरीस ठेवलें होतें. जमीन ज्यांच्या हातून गेली त्यांच्याच डोळ्यांचा असा उपयोग करून घेतला जात होता.

ओरायलीला लिहितां-वाचतां येत असल्यामुळें वुडमन नांवाच्या वॉर्डरनें त्याला आपल्या हाताखालीं हिशेबाच्या व निरोप पोंचविण्याच्या कामावर घेतलें. त्यामुळें त्याला इतरांपेक्षां मोकळें हिंडतां येऊं लागलें. वॉर्डरच्या घरीं येणें-जाणें होऊं लागलें, आणि त्याच्या तरुण मुलीवर या कैद्याचें प्रेम बसलें, असें पुढच्या संशोधकांनीं कागदपत्रांवरून दाखविलें आहे. त्या प्रेमाचा शेवट काय होणार हें उघड होतें. त्या मुलीबद्दल त्यानें पुढें आयुष्यभर जाहीर रीत्या कांहींच लिहिलें नाहीं. आपणहि तिच्यावर कादंबरी रचूं नये.

त्याच सुमारास त्यानें आपल्या पलायनाचा विचार पॅट्रिक मॅकेब या कॅथलिक धर्मोपदेशकाजवळ बोलून दाखविला. मॅकेब हा स्वतः आयरिश; घोड्यावर बसून मैलोगणती पसरलेल्या जंगलांतल्या टोळ्यांची तो विचारपूस करीत फिरे. एकट्यानें पळून जाणें म्हणजे आत्महत्येचाच एक प्रकार, असें त्यानें बजावलें व ‘थांब, मी कांहीं तरी व्यवस्था करतों’ म्हणून तो निघून गेला. महिन्यामागून महिने लोटले, निरोप नाहीं. १८६८ च्या डिसेंबरांत ओरायलीनें मनगटाजवळची शीर कापून घेऊन जीव देण्याचा प्रयत्न केला. दुसऱ्या एका कैद्याच्या वेळींच तें लक्षांत आल्यामुळें तो वांचला. पुढें अमेरिकेंत ज्याच्या आनंदी स्वभावाचीं सर्वत्र वर्णनें होत असत, त्याच माणसाच्या अंगावर ही खूण होती, हें ध्यानांत ठेवावें.

कांहीं आठवड्यांनीं निरोप घेऊन जात असतां रानांत एक शेतकरी त्याला भेटला. मॅग्वायर त्याचें नांव. मॅकेबनें पाठविलेला तो माणूस. देवमाशांच्या शिकारीचीं अमेरिकन गलबतें लांकूडपाणी घेण्यासाठीं बनबरीस लागत असत. त्यांपैकीं एक लवकरच निघणार होतें. १८ फेब्रुवारी १८६९ च्या संध्याकाळीं ओरायलीनें पायांतले कैद्याचे बूट टाकून साधे जोडे घातले, कारण सरकारी बुटांचा ठसा माग काढणारे क्षणांत ओळखीत, आणि तो जंगलांत शिरला. ठरलेल्या जागीं मॅग्वायर व त्याचे सोबती घोडे घेऊन उभे होते. रात्रभर घोडदौड, मग होडी, मग किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेंकड्यांत लपून बसणें. पिण्याचें पाणी नव्हतें. उन्हानें व तहानेनें माणूस वेडा होण्याची वेळ आली. ठरल्याप्रमाणें ‘व्हिजिलंट’ गलबत दिसलें, तेव्हां हे लोक होडी घेऊन त्याच्यासमोर गेले, ओरडले, कापड हलविलें. गलबत जवळून निघून गेलें. डेकवरच्या लोकांना होडी दिसलीच नाहीं, कीं दिसूनहि त्यांनीं डोळे मिटले, हें आतां कोण सांगणार!

यानंतरचा पंधरवडा ओरायली कोणाच्या आधारावर जगला? दलदलीच्या कांठीं एका म्हाताऱ्या वसाहतवाल्याची झोपडी होती. त्यानें त्याला आसरा दिला. मॅग्वायर अन्न पोंचवी. सरकारच्या पळालेल्या कैद्याला थारा देणाऱ्यास काय शिक्षा होते हें या साऱ्यांना ठाऊक होतें, आणि त्यांतल्या कोणालाहि या धाडसांतून फुटकी कवडी मिळावयाची नव्हती. मॅकेबनें उलट आपल्या पदरचे १० पौंड ‘गॅझेल’ गलबताचा कप्तान गिफर्ड याच्या हातीं ठेवले, व समुद्रांत एका तरुणाला उचलून घेण्याची त्याच्याकडून कबुली घेतली. मार्चच्या आरंभीं ‘गॅझेल’नें आपला शब्द पाळला.

परंतु होडींतून एक नाहीं, दोन माणसें चढलीं. बोमन नांवाच्या एका गुन्हेगाराला या बेताचा वास लागला होता; मला बरोबर न्या, नाहीं तर पोलिसांना सांगतों, असें धमकावून तो सामील झाला. चरित्रकारांनीं या बोमनला काळ्या शाईनें रंगविलें आहे. तसा तो असेलहि. पण सुटकेची तळमळ केवळ देशभक्तालाच असते असें नाहीं, आणि त्याच्यासाठीं कोणी धर्मोपदेशक १० पौंड देणार नव्हता, हेंहि विसरतां येत नाहीं.

गलबतावरचा तिसरा मेट हेन्री हॅथवे हा ओरायलीच्याच वयाचा अमेरिकन तरुण. एकाच खोलींत राहून दोघांची मैत्री जमली. पुढें हिंदी महासागरांतील रॉड्रिग्ज बेटावर ‘गॅझेल’ पाणी घेण्यास थांबलें, आणि ब्रिटिश गव्हर्नर पोलिस घेऊन गलबतावर आला. ओरायली नांवाचा पळालेला कैदी येथें आहे काय, अशी त्यानें चौकशी केली. हॅथवेनें शांतपणें कानांवर हात ठेवले. खलाशांना रांगेंत उभें केल्यावर बोमन ओळखला गेला व त्याला पकडून नेलें. आतां तो ओरायलीचें नांव सांगणार, आणि उद्यां पोलिस परत येणार, हें निश्चित. ओरायली म्हणाला, जिवंतपणीं मी त्यांच्या हातीं लागणार नाहीं. हॅथवेनें त्याला शब्द टाकला, ‘माझ्यावर सोड.’

त्या रात्रीं हॅथवेनें त्याला जिन्याखालच्या एका फडताळांत कोंबलें. मग धार लावण्याचा एक जड दगड त्यानें कठड्यावरून समुद्रांत ढकलून दिला, पाठोपाठ ओरायलीची टोपी फेकली, आणि ‘माणूस पडला!’ म्हणून आरोळी ठोकली. होड्या सोडल्या गेल्या. पाण्यावर टोपी सांपडली, माणूस सांपडला नाहीं. कप्तानासकट सर्वांना तें खरें वाटलें. सकाळीं गलबताचें निशाण अर्ध्यावर उतरविलेलें होतें. पोलिस आले तेव्हां खलाशांचे डोळे रडून सुजलेले. त्यांत नाटक मुळींच नव्हतें. पोलिस ओली टोपी पाहून निघून गेले. बेट दृष्टीआड झाल्यावर हॅथवेनें फडताळ उघडलें, आणि मेलेला माणूस डेकवर आला. कप्तान गिफर्डला आधीं हंसूं आलें कीं रडूं हें त्याचें त्यालाच समजलें नसेल.

‘गॅझेल’ला शिकारीवरून परतण्यास अजून वेळ होता, आणि वाटेंत सेंट हेलेना हें इंग्रजांचें बेट लागणार होतें. म्हणून केप ऑफ गुड होपजवळ २९ जुलै रोजीं ओरायलीला बॉस्टनच्या ‘सफायर’ जहाजावर चढविण्यांत आलें. पळून गेलेल्या एका खलाशाचे कागद गिफर्डनें त्याला दिले, व जवळ होतें नव्हतें तें द्रव्य उसनें म्हणून त्याच्या हातावर ठेवलें. हें जहाज लिव्हरपूलला जाणारें! म्हणजे ज्या देशानें त्याला हद्दपार केलें त्याच देशाच्या बंदरांत त्याला परक्या नांवानें उतरावें लागलें. तेथें कांहीं दिवस लपून राहून तो दुसऱ्या एका अमेरिकन जहाजावर तिसरा मेट म्हणून चढला. त्या जहाजाचें नांव योगायोगानें ‘बॉम्बे’ होतें. २३ नोव्हेंबर १८६९ रोजीं ‘बॉम्बे’ फिलाडेल्फियास पोंचलें. बरोबर दोन वर्षांपूर्वीं त्याच तारखेला मँचेस्टर येथें तीन फेनियनांना फांशीं देण्यांत आलें होतें. किनाऱ्यावर पाय ठेवतांच ओरायलीनें न्यायकचेरी गांठली व अमेरिकेचें नागरिकत्व मिळण्यासाठीं अर्ज केला.

त्याच्या अमेरिकेंतील वीस वर्षांबद्दल येथें थोडक्यांत सांगतों. १८७० सालीं बॉस्टनच्या ‘पायलट’ या आयरिश लोकांच्या साप्ताहिकांत तो शिरला, आणि १८७६ मध्यें तेथील आर्चबिशपच्या भागीदारींत त्याचा मालक-संपादक झाला. कवि म्हणून त्याचें नांव झालें. १८७३ सालीं निघालेला पहिला संग्रह त्यानें कप्तान गिफर्डला अर्पण केला. ‘मूनडाइन’ या कादंबरींत त्यानें पश्चिम ऑस्ट्रेलियांतील कैद्यांचें जीवन रंगविलें. कादंबरी म्हणून ती थोडी भाबडी आहे. तींतील कैदी इतका सद्गुणी कीं तो तुरुंगांत कसा पोंचला हेंच नवल वाटावें. पण कायदा माणसाला गुन्हेगार बनवितो व मग त्याच गुन्ह्याबद्दल त्याला झोडपतो, हें तिच्यांतलें म्हणणें अनुभवांतून आलेलें आहे. संपादक या नात्यानें त्याचें धैर्य मला अधिक मोलाचें वाटतें. १८७० सालीं अमेरिकेंतील फेनियनांनीं कॅनडावर एक फटफजितीचा हल्ला केला. ओरायली बातमीदार म्हणून तेथें हजर होता, आणि आपल्याच पक्षाच्या लोकांची ती फजिती त्यानें जशीच्या तशी छापली. पुढें अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं त्यानें लेखणी झिजविली, तेव्हांहि त्याच्या वाचकांपैकीं अनेकांना तें रुचलें नव्हतें. स्वतःवरचा अन्याय ज्याला दिसतो त्याला शेजाऱ्यावरचा दिसतोच असें नाहीं, ओरायलीला दिसला.

आतां त्या देण्याची गोष्ट. १८६९ व १८७१ मध्यें सरकारनें फेनियन कैद्यांना माफी दिली. मात्र ती नागरिकांना. फौजेंतल्या कैद्यांनीं राणीची शपथ मोडली होती, म्हणून त्यांच्यासाठीं दार बंदच राहिलें. ओरायलीबरोबर जे शिपाई ‘हूगुमाँ’वरून उतरले होते, ते फ्रीमँटलमध्यें दगड फोडीत राहिले, आणि त्यांच्याच गुन्ह्यांत सामील असलेला ओरायली बॉस्टनच्या मेजवान्यांत भाषणें करीत होता. १८७४ सालीं जेम्स विल्सन नांवाच्या कैद्याचें पत्र न्यूयॉर्कला डेव्हॉयच्या हातीं पडलें. आम्ही जिवंत गाडले गेलों आहों, असा त्या पत्राचा आशय. ज्यानें या शिपायांना शपथ दिली होती त्याच डेव्हॉयला तें यावें, हें योग्यच झालें. तो ओरायलीकडे आला.

शस्त्रें घेऊन तुरुंगावर चाल करावी असें कांहीं मंडळींच्या मनांत होतें. ओरायलीनें दुसरा मार्ग सुचविला. देवमाशांच्या शिकारीचें गलबत घ्यावें, त्याचा उघड उघड धंदा चालवावा, आणि त्या किनाऱ्यावर जावें. अशा गलबताचा तेथें कोणाला संशय यावयाचा नाहीं. हा सल्ला पुस्तकी नव्हता. वाळूच्या टेंकड्यांवर पडून त्या गलबतांची वाट पाहणाऱ्याचा होता. आणि त्यानें डेव्हॉयला न्यू बेडफर्डला हॅथवेकडे पाठविलें. हॅथवे आतां तेथें पोलिसांचा अधिकारी होता! ज्यानें रॉड्रिग्जच्या पोलिसांना टोपी दाखवून परत पाठविलें, त्यानेंच आतां कैदी पळविण्यासाठीं योग्य माणसें शोधून दिलीं. त्याच्याच ओळखीनें जॉर्ज अँथनी हा कप्तान मिळाला. अँथनी आयरिश नव्हता. आयर्लंडशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता. त्याचें लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, घरीं लहान मूल. तरी तो तयार झाला.

अमेरिकेंतील आयरिश मजुरांनीं व मोलकरणींनीं जमविलेल्या वर्गणींतून ‘कॅटल्पा’ हें गलबत विकत घेतलें गेलें व २९ एप्रिल १८७५ रोजीं न्यू बेडफर्डहून निघालें. इकडे जॉन ब्रेस्लिन नांवाचा फेनियन श्रीमंत अमेरिकन व्यापाऱ्याच्या सोंगानें फ्रीमँटलला जाऊन राहिला. त्याची बतावणी इतकी उत्तम वठली कीं त्याला खुद्द तुरुंग हिंडवून दाखविण्यांत आला. १७ एप्रिल १८७६, ईस्टरचा सोमवार. गांवांतील बडे लोक होड्यांच्या शर्यती पाहण्यांत दंग. डॅराग, हॉगन, हॅरिंग्टन, हॅसेट, क्रॅन्स्टन आणि तो पत्र लिहिणारा विल्सन असे सहाजण कामावरून निसटले, वाट पाहत असलेल्या घोडागाड्यांत चढले आणि भरधांव किनाऱ्याकडे गेले. तेथें कप्तान अँथनी होडी घेऊन स्वतः उभा होता. रात्रीं वादळ झालें, डोलकाठी मोडली, गुडघाभर पाणी उपसत त्यांनीं समुद्रावर रात्र काढली. दुसऱ्या दिवशीं सरकारी बोट ‘जॉर्जेट’ त्यांच्या शोधांत असतांनाच ते ‘कॅटल्पा’वर चढले. १९ तारखेस ‘जॉर्जेट’ तोफ घेऊन आडवी आली व तिनें गलबतापुढून एक गोळा सोडला. अँथनीनें वर फडफडणाऱ्या अमेरिकेच्या निशाणाकडे बोट दाखविलें, आणि आपण खुल्या समुद्रांत आहों, याची त्यांना आठवण दिली. थोडा वेळ पाठलाग करून ‘जॉर्जेट’ परतली. १९ ऑगस्टला सहाहीजण न्यूयॉर्कला उतरले.

ओरायलीला स्वतःला मात्र आयर्लंडचें दार कधींच उघडलें नाहीं. १८८५ च्या सुमारास कॅनडांतील एका सभेसाठीं तेथें जाण्याची परवानगी त्याच्यासाठीं मागण्यांत आली. कॅनडा बॉस्टनपासून रेल्वेनें एका रात्रीच्या अंतरावर. पण तेथें ब्रिटिशांचें राज्य. लंडनहून नकार आला. पंधरा-सोळा वर्षें झालीं तरी सरकारी कागदांत तो पळालेला कैदीच होता.

कामाचा डोंगर, व्याख्यानांसाठीं सततचा प्रवास, आणि वर्षानुवर्षें न येणारी झोंप. अलीकडच्या फोटोंत त्याचा चेहरा वयाच्या मानानें फार थकलेला दिसतो. १० ऑगस्ट १८९० रोजीं पहाटे, बॉस्टनजवळच्या हल येथील आपल्या घरीं, आजारी बायकोसाठीं ठेवलेलें झोंपेचें औषध त्यानें घेतलें व त्याची मात्रा अधिक झाली. वय ४६. मागें बायको व चार मुली. हा अपघात होता असेंच सर्वांनीं मानलें, आणि तसें न मानण्यास सबळ कारण नाहीं. तरी बनबरीच्या जंगलांतली ती रात्र ज्याला माहीत आहे त्याला हें वाक्य लिहितांना थोडें अडखळावेंच लागतें.

डाउथच्या जुन्या देवळामागें, नदी दिसते अशा एका कोपऱ्यांत, आपल्याला मूठमाती मिळावी असें त्यानें एका पत्रांत लिहून ठेवलें होतें. १९०३ सालीं गांवकऱ्यांनीं त्या जागीं त्याचें स्मारक उभारलें. देह बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइन येथें आहे, एका मोठ्या न घडविलेल्या दगडाखालीं.